वामनाचा पत्ता



व्याख्यानाचा विषय कळवा, असं मंडळाचं पत्र आलं तेव्हा मी ‘पात्राचं मूल्यमापन’ एवढंच लिहून पाठवलं. निमंत्रणपत्रिकेत तेवढंच छापलं आहे. पुढचा अर्धा विषय मी लपवला होता, कारण तो आधी सांगितला असता तर आपल्यापैकी निम्मे लोक आज घरीच राहिले असते. तो अर्धा असा: मूल्यमापन करायचं आहे ते पत्त्यांच्या खेळातल्या एका पात्राचं, आणि तेही विज्ञानकथेतल्या. आता दारं लावलेली आहेत आणि चहा व्याख्यानानंतर आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

झालं असं. माझा भाचा बरीच वर्षं अमेरिकेत होता. गेल्या मे महिन्यात तो डिचोलीला बहिणीकडे आला आणि पावसापूर्वी माळा आवरताना त्याला स्वतःचीच एक जुनी बुटांची पेटी सापडली. आत पत्ते. पण आपले बावन्न पानांचे नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर वेगळं चित्र, वेगळं नाव, खाली बारीक अक्षरांत मजकूर. एकसारखे दोन क्वचितच. कॉलेजात असताना त्याने पैसे साठवून साठवून ही पाकिटं विकत घेतली होती. पाकीट फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, त्यामुळे हा खेळही आणि थोडासा जुगारही. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने 1993 साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा अशा प्रकारचा पहिला खेळ काढला आणि त्याच्यामागून रांग लागली. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, डिसायफर या कंपनीने ‘स्टार ट्रेक’ या दूरदर्शन मालिकेवरचा खेळ आणला. पहिल्या संचात 363 पत्ते. भाच्याच्या पेटीत होते ते त्यातले.

मी चष्मा लावून एकेक पाहू लागलो. अंतराळयानातला कुणी कप्तान, कुणी डॉक्टर, कुणी शत्रुपक्षाचा सेनानी. प्रत्येकाचा चेहरा, पेशा, अंगी असलेली दोनचार कौशल्यं. आणि तळाशी तीन आकडे. पहिला सचोटीचा, दुसरा चातुर्याचा, तिसरा बळाचा.

मी पहिल्याच आकड्यावर थांबलो. बळाला आकडा देता येतो. कुणी किती मण उचललं ते मोजावं. चातुर्याचंही एक वेळ समजू शकतो, शाळेत आम्ही तेच करत आलो. पण सचोटी? माणसाच्या खरेपणाला सात, आठ, नऊ असे गुण देणारा हा कोण? भाच्याला माझा चेहरा दिसला असावा. तो म्हणाला, “मामा, तू जन्मभर पोरांकडून स्वभावचित्रणं लिहून घेतलीस. मग यातल्या एका पत्त्याची किंमत करून दाखव की.” त्याला बाजारातली किंमत म्हणायची नव्हती, खेळातली म्हणायची होती. मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप येईना, आणि आजचं हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

त्याने मारलेला टोला बरोबर लागला होता. स्वभावचित्रण म्हणजे तरी दुसरं काय होतं? ‘अमुक पाठातील आईचे स्वभावचित्रण करा. गुण 4.’ मुलं लिहायची: आई प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, स्वाभिमानी आहे, प्रसंगी कठोर आहे. चार विशेषणं, चार गुण. प्रत्येक विशेषणाला पाठातला एकेक आधार दिला की काम झालं. हा पत्ताच आहे. फक्त आमच्या पत्त्यावर चित्र नव्हतं.

आता जरा मागे जातो, कारण पत्त्यावरच्या पात्राशी माझी गाठ त्या पेटीपाशी पहिल्यांदा पडलेली नाही. मी पेडण्याचा. आमच्या आजोबांकडे एक लाकडी डबी होती, तिच्यात गंजिफा. सावंतवाडीहून आणलेली. पोर्तुगीज अमदानीत पत्रादेवी ओलांडून बांद्याला आणि तिथून सावंतवाडीला जाणं म्हणजे दुसऱ्या देशात जाणं होतं, पण आजोबांची लग्नकार्यं, वैद्य आणि गंजिफा तिन्ही पलीकडचीच. गंजिफा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पानं गोल असतात. हाताने रंगवलेली, वरून लाखेचं रोगण. दशावतारी गंजिफेत दहा रंग, दर रंगात बारा पानं, म्हणजे 120. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचा एकेक रंग. दर रंगात एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत साधी पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पानं, आणि ती गोल पानं हातात पंख्यासारखी धरताना लहान मुलाची बोटं अपुरी पडायची.

खेळ जुना आहे. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि ‘आईने अकबरी’त अकबराच्या बारा रंगांच्या गंजिफेचं वर्णन आहे. आपल्याकडे तिने दशावतारांचं रूप घेतलं. मधल्या काळात ती पार मरणपंथाला लागली होती. सावंतवाडीत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती सावरली, आणि 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे सगळं आपल्याला वर्तमानपत्रातून माहीत आहे. मला सांगायचं आहे ते पानाच्या किमतीबद्दल.

गंजिफेच्या पानावर आकडा लिहिलेला नसतो. चिन्हं मोजून तो कळतो, पण कळून भागत नाही. दहापैकी पाच रंगांत दश्शी मोठी, एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत उलटं: राजा आणि प्रधान यांच्या खालोखाल एक्का, आणि दश्शी तळाला. म्हणजे दहा चिन्हांनी भरलेलं, रंगाऱ्याने सर्वांत अधिक वेळ घालवलेलं पान एका घरात श्रीमंत आणि दुसऱ्या घरात भिकारी. शिवाय दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी. दिवेलागण झाल्यावर बसलात तर तो मान कृष्णाच्या राजाकडे. पान तेच, चित्र तेच. सूर्य मावळला म्हणून त्याचा मान गेला. आणि हुकमाचा रंग असा नाहीच, त्यामुळे वरची पानं पडून गेली की एखादी पंजी उरलेल्यांत सर्वांत मोठी होते आणि हात ओढून नेते. आजोबा म्हणायचे, कुठली पानं गेली हे ज्याच्या ध्यानात असतं तोच खेळतो, बाकीचे नुसते पानं टाकतात.

आमच्या डबीत वामनाचा राजा नव्हता. कधी हरवला कुणास ठाऊक. त्याच्या जागी आजोबांनी एका लग्नपत्रिकेचा जाड कागद गोल कापून त्यावर शाईने ‘वामन राजा’ असं लिहिलं होतं. ना कमंडलू, ना छत्री, ना लाख. नियमाने त्याचा मान पुरा राजाचा. पण खेळताना एक गंमत व्हायची. ते पान मागूनसुद्धा ओळखू यायचं. बाकी पानांची पाठ एका रंगाची, याची पांढरी, आणि त्या पाठीवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ ही अक्षरं अर्धी कापलेली. त्यामुळे वामनाचा राजा कुणाच्या हातात आहे हे तिघांनाही पहिल्या क्षणापासून माहीत. ज्याच्याकडे तो यायचा त्याचा चेहरा पडायचा. दर्जा राजाचा, पण किंमत गेलेली, कारण पाठीवरून ओळखू येतो.

पुढे कथा-कादंबऱ्या वाचताना मला हे पान किती वेळा आठवलं म्हणून सांगू. लेखक पात्राला आत आणतो आणि त्याची पाठ पाहूनच आपल्याला कळतं की हा अखेरीस दगा देणार, ही अखेरीस त्याग करणार. मजकूर कितीही रंगीत असो. परीक्षक म्हणून स्पर्धेतल्या कथा वाचायला मिळाल्या तेव्हा शंभरातल्या ऐंशी कथांत मला हाच लग्नपत्रिकेचा राजा भेटला आहे.

इथे पेडण्या-डिचोलीकडची मंडळी बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर एक हरकत दिसते आहे आणि ती खरी आहे. आपल्या दशावतारी काल्यात प्रत्येक पात्र पाठीवरूनच ओळखू येतं. संकासुर येतो तो काळ्या वेषात. राक्षस येतो तो आरोळी ठोकत, भडक चेहरा रंगवून. राजा कोण, ऋषी कोण, हे पोराटोरांना कळतं, कथा तर आजीला पाठ असते. मग रात्रभर गोणपाटावर बसून आपण काय पाहतो? तर लिहिलेली संहिता नसताना हे पात्र आज कसं बोलणार, ते पाहतो. मोचेमाडकर असोत, वालावलकर असोत, नारद आणि राक्षस यांची सवाल-जबाबाची लढत लागली की कुणाचं नाणं आज वाजतं ते पहाटेपर्यंत ठरत नाही. काल ज्याने विष्णू केला तोच आज दैत्य करतो, आणि दैत्य चांगला झाला तर आमच्या वाड्यावरच्या बायका सकाळी पाणी भरताना दैत्याची बाजू घेऊन बोलतात. तेव्हा पाठीवरून ओळखू येणं हा दोष नव्हे. ओळखल्यावर पुढे काहीच न उरणं हा दोष. दर्जा ठरलेला असतो, किंमत त्या रात्रीची.

आता पुन्हा भाच्याच्या पेटीकडे. खेळ कसा चालतो हे त्याने मला दोन दुपार खपून समजावलं. टेबलावर ओळीने मोहिमा मांडायच्या. त्यांच्याखाली प्रतिस्पर्ध्याने संकटांचे पत्ते पालथे ठेवलेले. आपली पात्रं घेऊन मोहिमेवर जायचं, संकटं उलगडत जातात, त्यातून वाचलात आणि मोहिमेला हवी ती कौशल्यं नि हवे ते आकडे जमले तर गुण मिळतात. शंभर गुण आधी करेल तो जिंकला. आकडे जमवताना सगळ्या चमूची बेरीज चालते. म्हणजे चार माणसांची सचोटी पाच-पाच असली तर एकूण वीस. चार अर्धवट प्रामाणिक माणसं मिळून वीस सचोटी होते हे मला आधी हास्यास्पद वाटलं, पण नंतर आठवलं की मी ज्या ज्या समित्यांवर होतो त्या साऱ्या याच तत्त्वावर चालल्या.

संकटांत एक पत्ता आहे आगीच्या वादळाचा. मोहिमेवर गेलेल्यांपैकी ज्यांची सचोटी पाचाहून कमी ते सगळे त्यात जळून मरतात. मी भाच्याला म्हटलं, अरे, हे तर अग्निदिव्य! सीतामाईपासून आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट अमेरिकेत छापून आली. तर तो म्हणाला, “थांब, खालची ओळ वाच.” खालची ओळ अशी की उष्णता परतवणारी यंत्रं जवळ असतील तर कुणालाच काही होत नाही. सचोटी नसली तरी चालेल, सामग्री हवी. मी त्या पत्त्याला मनातल्या मनात हात जोडले. आपल्या काळावर इतकं नेमकं भाष्य मी अलीकडच्या कवितेतही वाचलेलं नाही.

पात्राची किंमत कशी करायची, यावर भाच्याने दिलेलं उत्तर मात्र माझ्या पिढीच्या समीक्षेला लाजवणारं होतं. तो म्हणाला, आकडे शेवटी बघायचे. आधी तीन गोष्टी विचारायच्या. हा पत्ता मैदानात आणायला मला काय मोजावं लागतं? आणल्यावर तो असं काय करतो जे दुसरा कुणी करत नाही? आणि किती वेळा तो नुसता हातात पडून राहतो? त्या पहिल्या खेळाचा दोषच म्हणे हा होता की पात्र आणायला किंमत पडत नसे. मग मोठमोठी नावंच सगळे वापरायचे, किरकोळ खलाशी आणि कारकून पेटीत पडून राहायचे. 2002 साली कंपनीने खेळाची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा प्रत्येक पात्राला मोल लावलं आणि दर फेरीला खर्चायला सात एकक दिले. त्या दिवसापासून स्वस्तातला, एकच काम नीट करणारा खलाशी भाव खाऊ लागला.

लेखकाला पात्र किती पडतं? हा प्रश्न मी चाळीस वर्षांत वर्गात कधी विचारला नाही. पण तो खरा प्रश्न आहे. सर्वज्ञ आजोबा, कधी न चुकणारा गुप्तहेर, सगळं सोसणारी सून, ही पात्रं लेखकाला फुकट मिळतात असं वाटतं. फुकट नसतात. ती आली की बाकीच्यांच्या हातचं काम जातं.

आता तो पत्ता, ज्याची किंमत करायचं आव्हान होतं. भाच्याने निवडला होता डेटाचा. ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या पर्वातला हा यंत्रमानव. यानावर अधिकारी आहे, पांढुरका चेहरा, पिवळे डोळे. पत्त्यावर त्याचं चातुर्य आणि बळ सहकाऱ्यांच्या वरचं, आणि ते साहजिक आहे. पण मला थांबवलं ते पुन्हा पहिल्याच आकड्याने. यंत्राची सचोटी म्हणजे काय? खोटं बोलता येत असून न बोलणं ही सचोटी. बोलताच येत नसेल तर तो नुसता तराजू.

मालिका लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता. 1989 साली दाखवलेल्या एका भागात डेटावर चक्क खटला चालतो. भाग लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास ही आधी वकिली करत असे. एका शास्त्रज्ञाला डेटा उघडून त्याची रचना अभ्यासायची असते. डेटा नकार देतो, राजीनामा द्यायला निघतो. तर प्रश्न असा निघतो की तो राजीनामा देऊ शकतो का? की तो यानाच्या संगणकासारखी सरकारी मालमत्ता आहे? गंमत अशी की त्याच्याविरुद्ध बाजू मांडायची सक्ती त्याच्याच सहकाऱ्यावर, रायकरवर, येते. रायकर काय करतो? तो पत्ता वाचून दाखवतो. डेटाकडून धातूची कांब वाकवून घेतो: बळ. त्याचा हात काढून टेबलावर ठेवतो. आणि शेवटी त्याचा बटण दाबून त्याला बंद करतो. न्यायालय गप्प. आकडे सगळे खरे आहेत आणि आकड्यांनी माणूस संपला आहे.

मग कप्तान पिकार्ड उठतो तो डेटाच्या सामानाची पेटी घेऊन. जाताना डेटाने काय बांधून घेतलं होतं? पदकं, कप्तानाने भेट दिलेलं एक पुस्तक, आणि मृत सहकारिणीची एक प्रतिमा. ही पदकं कशाला घेतलीस, याला डेटापाशी धड उत्तर नसतं. ती हवीशी वाटली, एवढंच. यातली एकही वस्तू त्याच्या पत्त्यावर छापलेली नाही. निकाल त्याच्या बाजूने लागतो, पण न्यायाधीश बाई त्याला आत्मा आहे असं म्हणत नाहीत. निवड करण्याचा हक्क त्याला आहे, इतकंच म्हणतात. मला तो संयम फार आवडला. आपल्याकडे असा प्रसंग असता तर शेवटी पार्श्वसंगीतासह आत्मा सिद्ध झाला असता.

तुम्ही म्हणाल, परक्या मुलुखातल्या यंत्रमानवाचं आम्हाला काय? आपलाही एक आहे. आणि त्याचं नाव, माझ्या आजोबांच्या डबीची शपथ, वामन आहे.

जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतला. नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या विश्वोत्पत्तीच्या संशोधनाबद्दल लिहिलं, आणि ते योग्यच. मला आठवत होती 1974 सालची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट. केंब्रिजहून आलेल्या, पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाचं नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. या माणसाने स्वतःच्या पत्त्याची पाठ इतरांसारखी करून घेतली आणि मग तो डावात टाकला. गंजिफेतल्या आमच्या पांढऱ्या पाठीच्या राजाला जे जमलं नाही ते.

कादंबरीचं सूत्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जमिनीखालून एक पेटी सापडते. आत कुठल्याशा लोप पावलेल्या, आपल्याहून प्रगत संस्कृतीचं ज्ञान साठवलेलं. त्याचा उलगडा करत करत आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात. चण लहान, म्हणून नाव वामन. आणि मग प्रश्न उभा राहतो की याच्यासारखे आणखी वामन घडत गेले तर माणसासाठी जागा किती उरेल? त्या पुरातन संस्कृतीचं काय झालं असावं?

भाच्याचे तीन प्रश्न मी वामनाला लावून पाहिले. तो काय करतो, हे सोपं आहे: सगळंच करतो, आणि कुणाहीपेक्षा चांगलं. हातात पडून राहतो का? मुळीच नाही. पण किती पडतो? इथे नारळीकरांची खरी परीक्षा आहे. इतका समर्थ पत्ता टेबलावर आला की अरुंद खांद्यांच्या माणसांना, म्हणजे कादंबरीतल्या शास्त्रज्ञांना, पुरातत्त्वज्ञांना, पोलिसांना, करायला उरतं काय? खेळात अशा पत्त्यावर पुढे बंदी घालतात. नारळीकरांनी त्याचं मोल आधीच भरून ठेवलं आहे, कादंबरीच्या नावातच. वामन परत येत नाही. तो येणार नाही हे आपल्याला मुखपृष्ठावरच सांगितलेलं असतं, आणि तरी आपण पानं उलटत राहतो. काल्याच्या प्रेक्षकासारखे.

माझं एक भांडणही आहे, तेही सांगून टाकतो. नारळीकरांची माणसं बऱ्याचदा स्वस्तातले खलाशी असतात. एक काम नीट करतात आणि बाजूला होतात. त्यांच्या पेटीत पदकं आणि पुस्तकं बांधलेली दिसत नाहीत. म्हणूनच वामन जास्त लक्षात राहतो. त्या यंत्राला काहीतरी हवं आहे, याची शंका आपल्याला येते. ज्याला काही हवं आहे ते पात्र जिवंत, मग ते तारांचं का असेना.

आता आकडे. टाळाटाळ नको. वामनाचं चातुर्य दहा, त्यावर वाद नको. बळ आठ, कारण शेवटी त्याला थांबवता येतं. सचोटी?

सचोटीसाठी मला जुन्या वामनाकडे जावं लागलं. बटू होऊन येतो, तीन पावलं भूमी मागतो, आणि पाऊल उचलताना बटू राहत नाही. देवाला गुण देणारा मी कोण, पण देवळाच्या मांडवात दशावतारी नटाने बळीराजा होऊन हाच सवाल विष्णूला टाकलेला मी ऐकला आहे आणि मांडवातल्या कुणालाही तो अनुचित वाटला नव्हता. मागणारा खोटं बोलत नाही. आपण किती वाढणार हे सांगत नाही, एवढंच. आणि देणाऱ्याला गुरू शुक्राचार्य बजावून सांगत असतात की हा साधा बटू नव्हे. बळीला फसवलं असं आपण म्हणतो, पण त्याला कळलेलं असतं. कळून तो शब्द पाळतो, तिसऱ्या पावलाला डोकं पुढे करतो. सचोटीला दहा द्यायचे तर ते इथे. आणि गंमत पाहा, आजोबांच्या 120 पानांत बळीच्या नावाचा रंग नाही. पाडव्याला त्याचं राज्य येवो म्हणणारे आपण, आपल्या पत्त्यांत त्याला जागा दिली नाही. तो हरला ना.

बळीचे दहा मला कशावरून कळले? त्याला गमावण्यासारखं होतं आणि ते गमावण्याची वेळ आली, म्हणून. डेटाचंही तसंच. त्याला बंद करण्याचं बटण कुणाच्या तरी हातात आलं, म्हणून त्याच्या पेटीकडे आपलं लक्ष गेलं. ती वेळ यायच्या आधी पत्त्यावर छापलेला आकडा हा नुसता छापणाऱ्याचा अंदाज.

इथे मला एक जुनी उत्तरपत्रिका आठवते. तीस वर्षं झाली. प्रश्न तोच, पाठातल्या आईचं स्वभावचित्रण, गुण चार. एका मुलीने दोन ओळी लिहिल्या होत्या. आई प्रेमळ आहे असं सगळे म्हणतात, पण या पाठात ते कळत नाही, कारण तिच्यावर तशी वेळच आलेली नाही. वेळ आली असती तर सांगता आलं असतं. मी चारपैकी एक दिला. शुद्धलेखनाचा. शेजारी लाल शाईने ‘पाठ नीट वाचा’ असंही लिहिलं. ती मुलगी कोण, आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. पाठ तिने नीट वाचला होता. मी नमुना उत्तर वाचलं होतं.

तिला आज चार द्यायचे म्हटलं तरी उत्तरपत्रिका रद्दीत गेली. पण नारळीकरांच्या वामनाचा आकडा भरायचा बाकी आहे, तो मी तिच्या नियमाने भरला. हा यंत्रमानव खोटं बोलत नाही, यासाठी मी त्याला काहीच दिलं नाही. ती त्याची घडण. त्याला काही हवं असतं आणि ते लपवण्याची सोयही असते, तिथे तो काय करतो एवढंच पाहिलं. मी सहा दिले. भाचा फोनवर म्हणाला, “चार दे, मामा. आगीत जाऊ दे त्याला.” माझं मन होत नाही.

येताना मी एक पान करून आणलं आहे. गोल. या वेळी लग्नपत्रिकेचा नाही, चांगला जाड पुठ्ठा, आणि पाठ बाकीच्या डबीसारखी लाल रंगवली आहे. वर ‘वामन’ एवढंच लिहिलंय, कोणता ते नाही. खाली चातुर्य दहा आणि बळ आठ शाईने, सचोटी सहा पेन्सिलीने. पान अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो. चहानंतर ज्यांना तिसरा आकडा बदलायचा असेल त्यांनी बदलावा, फक्त पाठीमागे नको, समोर उभं राहून कारण सांगून.